पेट्झवाल : व्यक्तिचित्रणाच्या भिंगाचा विस्मृत जनक

छायाचित्रणाच्या क्षेत्रात जुनी साधने झपाट्याने मागे पडतात. तरीही २०१३ मध्ये व्हिएन्ना येथील लोमोग्राफी या कंपनीने एकोणिसाव्या शतकातील रचनेवर आधारित पितळी भिंग नव्याने तयार करण्याची घोषणा केली, तेव्हा तिला जगभरातून अनपेक्षित प्रतिसाद मिळाला. त्यासाठी लोकवर्गणीतून १ लाख डॉलर जमविण्याचे उद्दिष्ट होते. प्रत्यक्षात १३ लाख डॉलरहून अधिक रक्कम जमा झाली. ८५ मिलिमीटर नाभीय अंतराचे हे भिंग रशियातील क्रास्नोगोर्स्क येथील झेनिट कारखान्याच्या सहकार्याने बनविण्यात आले. आधुनिक कॅमेऱ्याला ते बसत असले तरी प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करण्यासाठी भोके असलेल्या धातूच्या पट्ट्या खाचेत सरकविण्याची जुनी पद्धत त्यात मुद्दाम कायम ठेवण्यात आली.

या भिंगाला नाव देण्यात आले ते ज्यांनी मूळ रचना केली त्या गणितज्ञाचे, योझेफ पेट्झवाल यांचे. व्यक्तिचित्रण म्हणजे माणसाच्या चेहऱ्याचे छायाचित्र काढणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आणण्यात पेट्झवाल यांचा वाटा फार मोठा आहे. मात्र हयातीत त्यांना या शोधाचा मोबदला अल्प मिळाला आणि त्यांच्या आयुष्यातील अनेक वर्षे श्रेयाच्या वादात गेली.

शिक्षकाच्या घरातील बालपण

योझेफ मॅक्सिमिलियन पेट्झवाल यांचा जन्म ६ जानेवारी १८०७ रोजी स्पिश्स्का बेला या गावी झाला. हे गाव आज स्लोव्हाकिया देशात आहे. त्या काळी तो हंगेरीच्या राज्याचा भाग होता. त्यांचे वडील शिक्षक होते, तसेच चर्चमध्ये ऑर्गन वाजवीत असत. योझेफ यांचे धाकटे बंधू ओटो हेही पुढे गणितज्ञ म्हणून नावारूपास आले.

शालेय वयात योझेफ यांना गणित जमत नव्हते आणि त्यांना चांभारकाम शिकवावे असा विचार घरात सुरू होता, अशी आख्यायिका सांगितली जाते. एका उन्हाळ्याच्या सुटीत गणिताचे एक पुस्तक त्यांनी स्वतःच वाचून काढले आणि तेथून त्यांची दिशा बदलली, असे ही कथा सांगते. तिचा तपशील किती खरा मानावा हा प्रश्न वेगळा. मात्र १८२६ मध्ये त्यांनी पेस्ट येथील अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश घेतला आणि दोन वर्षांत तेथील शिक्षण पूर्ण केले, ही नोंद आहे.

त्यानंतर काही वर्षे त्यांनी नगर अभियंता म्हणून काम केले. डॅन्यूब नदीच्या पुरापासून शहराचे संरक्षण हा त्या कामाचा एक भाग होता. नोकरी सांभाळून त्यांनी अध्ययन सुरू ठेवले, १८३२ मध्ये डॉक्टरेट मिळविली आणि १८३५ मध्ये पेस्ट विद्यापीठात प्राध्यापकपद स्वीकारले. १८३७ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठातील उच्च गणिताच्या अध्यासनावर त्यांची नियुक्ती झाली. पुढील ४० वर्षे ते याच विद्यापीठात होते.

पॅरिसहून आलेली वार्ता

१८३९ हे वर्ष छायाचित्रणाच्या इतिहासात महत्त्वाचे मानले जाते. फ्रान्समधील लुई दागेर यांनी चांदीचा मुलामा दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर प्रतिमा उमटविण्याची कृती त्या वर्षी जाहीर झाली. ऑगस्ट महिन्यात ती पॅरिसमध्ये सर्वांसाठी खुली करण्यात आली, त्या वेळी व्हिएन्ना येथील भौतिकशास्त्रज्ञ आंद्रेआस फॉन एटिंग्सहाउझेन तेथे उपस्थित होते. स्वदेशी परतल्यावर त्यांनी या कृतीतील एक मोठी उणीव आपले सहकारी पेट्झवाल यांच्या लक्षात आणून दिली.

दागेर यांच्या कॅमेऱ्यातील भिंग पॅरिसचे प्रकाशकीय कारागीर शार्ल शेव्हालिये यांनी तयार केले होते. त्यातून प्रतिमा स्पष्ट मिळावी म्हणून प्रकाशाचे छिद्र फारच लहान ठेवावे लागे. परिणामी पत्र्यावर पुरेसा प्रकाश पडण्यास कित्येक मिनिटे लागत. इमारती, पुतळे किंवा निसर्गदृश्य टिपण्यास हे चालत असे. परंतु जिवंत माणूस इतका वेळ उन्हात निश्चल बसू शकत नव्हता. थोडीशी हालचाल झाली तरी चेहरा पुसट होत असे. नव्या कलेकडून लोकांची सर्वांत मोठी अपेक्षा आपल्या माणसांचे चेहरे जतन करण्याची होती आणि नेमकी तीच पुरी होत नव्हती.

गणितातून साकारलेले भिंग

तोपर्यंत कॅमेऱ्याची भिंगे कारागिराच्या अनुभवावर बनत असत. काच घासायची, प्रतिमा पाहायची आणि पुन्हा घासायची, अशी ती रीत होती. पेट्झवाल यांनी वेगळा मार्ग धरला. प्रकाशाचा किरण काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर किती वळेल याचे गणित त्यांनी मांडले आणि काचेला हात लावण्यापूर्वीच संपूर्ण रचना कागदावर निश्चित केली. छायाचित्रणासाठी गणिताच्या आधारे आखलेले हे पहिले भिंग मानले जाते.

हे काम अत्यंत किचकट होते. आकडेमोडीचे यंत्र हाताशी नव्हते. त्या वेळी ऑस्ट्रियाच्या तोफखान्याचे प्रमुख असलेले आर्चड्यूक लुडविग यांनी या कामासाठी गणनेत तरबेज असलेले आठ तोफची आणि तीन नायक पेट्झवाल यांच्या दिमतीला दिले, असे सांगितले जाते. तोफगोळ्याच्या मार्गाचे गणित करणाऱ्या सैनिकांना किरणाच्या मार्गाचे गणित अपरिचित वाटले नसावे. सुमारे सहा महिन्यांच्या परिश्रमांनंतर, १८४० च्या मे महिन्यात पहिले नमुना भिंग तयार झाले.

या भिंगात काचेचे चार घटक दोन गटांत बसविले होते. पुढील गटात दोन काचा एकमेकींना चिकटविलेल्या होत्या, तर मागील गटातील दोन काचांमध्ये हवेची पोकळी राखली होती. एका गटाने निर्माण केलेले दोष दुसऱ्याने भरून काढावेत, अशी ही योजना होती. त्यामुळे छिद्र मोठे ठेवूनही प्रतिमेचा मध्यभाग सुस्पष्ट राहिला. दागेर यांच्या भिंगाच्या तुलनेत या भिंगातून पत्र्यावर पडणारा प्रकाश पंधरा ते वीस पट अधिक तेजस्वी होता. त्याच सुमारास लंडन आणि व्हिएन्ना येथील प्रयोगकर्त्यांनी पत्र्याची प्रकाशसंवेदकता वाढविणारी रासायनिक द्रव्ये शोधली. या दोन सुधारणांच्या संयोगाने मिनिटांचा अवधी सेकंदांवर आला आणि व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय उभा राहिला.

या भिंगाची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. प्रतिमेचे क्षेत्र वक्र असल्याने मध्यभागापासून कडेकडे जाताना स्पष्टता कमी होत असे. व्यक्तिचित्रात चेहरा सहसा मधोमध असल्याने तत्कालीन छायाचित्रकारांची त्याबद्दल फारशी तक्रार नव्हती.

दोन हजार गुल्डनचा व्यवहार

भिंगाची रचना कागदावर तयार झाली तरी ते घडविण्यासाठी कुशल कारखानदार हवा होता. पेट्झवाल यांनी आपली गणिते व्हिएन्ना येथील पेटर विल्हेल्म फ्रीडरिख फोग्टलेंडर यांच्याकडे सोपविली. फोग्टलेंडर घराण्याची ही पेढी १७५६ पासून प्रकाशकीय उपकरणे बनवीत होती आणि काच घासण्यातील तिची अचूकता वाखाणली जात असे. १८४१ मध्ये पेढीने हे भिंग बसविलेला संपूर्ण धातूचा, शंकूच्या आकाराचा कॅमेरा बाजारात आणला. त्यात गोल आकाराची छायाचित्रे निघत.

भिंगाला प्रचंड मागणी आली. १८६२ पर्यंत फोग्टलेंडर यांच्या कारखान्यांतून सुमारे ६० हजार भिंगे बाहेर पडल्याचे नमूद आहे. पेट्झवाल यांना मात्र सुरुवातीस एकरकमी दोन हजार गुल्डन देण्यात आले होते. विक्रीतील वाटा त्यांना मिळाला नाही. त्यांनी शोधाचे पेटंट मिळविलेले नव्हते आणि लेखी कराराचे संरक्षणही त्यांच्यापाशी नव्हते. अन्य देशांतील कारागिरांनीही या रचनेच्या नकला सुरू केल्या. गणितज्ञ आणि कारखानदार यांच्यात वितुष्ट आले आणि १८४५ च्या सुमारास त्यांचे संबंध तुटले. १८४९ मध्ये फोग्टलेंडर यांनी आताच्या जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे कारखाना काढला आणि तेथूनही या भिंगांचे उत्पादन होऊ लागले.

या प्रकरणात सारा दोष एका बाजूचा होता असे म्हणता येणार नाही. फोग्टलेंडर यांच्या कारागिरीशिवाय पेट्झवाल यांची गणिते वहीतच राहिली असती. परंतु बुद्धीच्या श्रमाचे मोल एकदाच आणि वस्तूचे मोल वारंवार, ही विभागणी त्यांना अखेरपर्यंत सलत राहिली.

१८५० च्या दशकात हा वाद पुन्हा पेटला. पेट्झवाल यांनी १८४० मध्येच निसर्गदृश्यांसाठी आणखी एका भिंगाची रचना केली होती. ती त्यांनी कार्ल डीट्झलर या कारखानदाराच्या साहाय्याने बाजारात आणली. फोग्टलेंडर यांच्याकडे त्या रचनेची जुनी माहिती होतीच. त्यांनीही ते भिंग ऑर्थोस्कोप या नावाने विकण्यास प्रारंभ केला. दोन्ही बाजूंनी जाहीर आरोप-प्रत्यारोप झाले. मोठ्या पेढीपुढे लहान कारखाना टिकू शकला नाही.

भारतातील छायाचित्रणाशी संबंध

युरोपात हा वाद सुरू असताना छायाचित्रण भारतात रुजत होते. १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना झाली. डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या आरंभीच्या भारतीय सभासदांपैकी होते. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यात शिकलेल्या हरिश्चंद्र चिंतामण यांनी पुढे मुंबईत व्यक्तिचित्रणाचा व्यवसाय केला. राजा दीनदयाळ यांनी १८९६ मध्ये मुंबईत आपला स्टुडिओ उघडला.

आज जानकीपुरमसारख्या नव्या वसाहतींपर्यंत विस्तारलेल्या लखनौचे एकोणिसाव्या शतकातील रूपही छायाचित्रांमुळेच आपल्यापर्यंत पोहोचले आहे. तेथील दारोगा अब्बास अली यांनी १८७४ मध्ये शहरातील वास्तूंच्या ५० छायाचित्रांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्यानंतर १८८० मध्ये अवधच्या राजे आणि तालुकदारांच्या व्यक्तिचित्रांचा संग्रह त्यांनी काढला. योगायोगाची बाब म्हणजे अब्बास अली हेही पेट्झवाल यांच्याप्रमाणे नगरपालिकेच्या सेवेतील अभियंता होते.

त्या काळात जगभरच्या स्टुडिओंत वापरली जाणारी व्यक्तिचित्रणाची भिंगे, मग ती जर्मन असोत, फ्रेंच असोत वा इंग्रजी, बहुतांशी पेट्झवाल यांच्या रचनेवर किंवा तिच्या सुधारित रूपावर आधारलेली असत. पगडी, शालजोडी किंवा नऊवारी नेसून खुर्चीवर ताठ बसलेल्या पूर्वजांची जी जुनी छायाचित्रे अनेक घरांतून आढळतात, त्यांच्यामागे ही रचना असण्याची शक्यता मोठी आहे.

पडद्यावर चित्र टाकण्यासाठीही हीच रचना उपयुक्त ठरली, कारण तेथेही प्रकाश भरपूर आणि प्रतिमेचा मध्यभाग स्पष्ट लागतो. जादूच्या कंदिलात आणि पुढे चित्रपटाच्या प्रक्षेपकात या प्रकारची भिंगे अनेक दशके वापरली गेली. कल्याणचे महादेवराव पटवर्धन यांनी १८९० च्या दशकात रंगविलेल्या काचांच्या साहाय्याने शांबरिक खरोलिकेचे खेळ केले, ते याच जादूच्या कंदिलाच्या परंपरेतील होते. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखविण्यात आली आणि त्यानंतर भारतात चित्रपटाचे युग सुरू झाले.

डॉप्लर यांच्याशी वाद

ज्यांना स्वतः श्रेयासाठी झगडावे लागले, त्या पेट्झवाल यांच्याकडून दुसऱ्या एका शास्त्रज्ञाच्या बाबतीत मोठी चूक घडली. १८४९ मध्ये ते व्हिएन्ना येथील विज्ञान अकादमीचे सदस्य झाले. ध्वनी किंवा प्रकाशाचा स्रोत जवळ येत असताना आणि दूर जात असताना त्याच्या लहरींची वारंवारता बदललेली भासते, हे तत्त्व क्रिस्टियान डॉप्लर यांनी १८४२ मध्ये मांडले होते. १८५२ मध्ये पेट्झवाल यांनी अकादमीपुढे या तत्त्वावर जोरदार टीका केली. इतक्या साध्या सूत्रातून निसर्गाचा मोठा नियम हाती लागू शकत नाही, अशी त्यांची भूमिका होती. अकादमीतील बहुतेकांचा कल त्यांच्याकडे झुकला. आजारी असलेले डॉप्लर यांचे पुढील वर्षीच व्हेनिस येथे निधन झाले.

काळाने निर्णय डॉप्लर यांच्या बाजूने दिला. आज ताऱ्यांची गती मोजण्यापासून रुग्णाच्या रक्तप्रवाहाच्या तपासणीपर्यंत त्यांच्या तत्त्वाचा उपयोग होतो. पेट्झवाल यांच्या गणिती सामर्थ्याविषयी शंका नाही. मात्र अधिकाराच्या जागेवरून केलेल्या टीकेचा भार दुबळ्या बाजूवर किती पडतो, याची जाणीव त्यांना तेव्हा झाली नाही.

हस्तलिखितांचा नाश

पेट्झवाल यांनी आपल्या प्रकाशकीय संशोधनाचा एक संक्षिप्त अहवाल १८४३ मध्ये प्रसिद्ध केला होता. वक्र प्रतिमा सपाट करण्यासाठी भिंगातील काचांचे अपवर्तनांक आणि त्यांची शक्ती यांच्यात कोणते नाते असावे, याची अट त्यांनी शोधली होती. ती आजही त्यांच्याच नावाने ओळखली जाते. संपूर्ण सिद्धान्त मांडणारा मोठा ग्रंथ लिहिण्याचा त्यांचा संकल्प होता. त्यासाठीची हस्तलिखिते त्यांनी जमवून ठेवली होती.

१८५९ मध्ये त्यांच्या घरी चोर शिरले आणि या हस्तलिखितांची नासधूस झाली. तो ग्रंथ पुन्हा लिहिण्याची उमेद त्यांना राहिली नाही. प्रकाशशास्त्रातून लक्ष काढून घेऊन ते अन्य विषयांकडे वळले. त्यांची पद्धत पूर्णपणे प्रसिद्ध न झाल्याने नंतरच्या संशोधकांना त्यांतील बरेचसे गणित नव्याने शोधावे लागले. पेटंट न घेतल्याने त्यांचे आर्थिक नुकसान झाले होते. ग्रंथ वेळेवर प्रसिद्ध न केल्याने शास्त्राचे नुकसान झाले, असे म्हणावे लागते.

त्यांच्या आरंभीच्या आयुष्यातील चित्र वेगळे होते. व्हिएन्नाजवळच्या कालेनबर्ग टेकडीवरील एका जुन्या मठात ते राहत, स्वतःच्या कार्यशाळेत भिंगे घासत आणि काळ्या अरबी घोड्यावरून विद्यापीठात व्याख्यानाला येत, असे वर्णन आढळते. उत्तरायुष्यात मात्र ते लोकांपासून दूर होत गेले. १८६९ मध्ये त्यांनी आपले घर सांभाळणाऱ्या महिलेशी विवाह केला. परंतु चारच वर्षांत पत्नीचे निधन झाले. १८७७ मध्ये ते विद्यापीठातून निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी एकांतवास पत्करला.

सप्टेंबर १८९१ मध्ये वयाच्या ८५ व्या वर्षी व्हिएन्ना येथे त्यांचे निधन झाले. त्याच्या एकच वर्ष आधी जर्मनीत झाइस कंपनीचे पाउल रुडोल्फ यांनी कडेपर्यंत स्पष्ट आणि सपाट प्रतिमा देणारे नव्या प्रकारचे भिंग तयार केले होते. येना येथे विकसित झालेल्या नव्या काचेमुळे ते शक्य झाले. पेट्झवाल यांनी सपाट प्रतिमेसाठी शोधलेली अट पाळू शकेल अशी काच त्यांच्या उमेदीच्या काळात उपलब्धच नव्हती.

दोषाचे झालेले गुण

फोग्टलेंडर हे नाव आजही बाजारात आहे. जुनी कंपनी राहिली नसली तरी १९९९ पासून जपानमधील कोसिना कंपनी या नावाने भिंगे तयार करते. पेढीच्या स्थापनेला २५० वर्षे झाल्यानिमित्त २००६ मध्ये कॅमेऱ्यांची विशेष आवृत्तीही काढण्यात आली. पेट्झवाल यांच्या नावाने भिंग निघण्यास मात्र २०१३ साल उजाडावे लागले.

या नव्या आवृत्तीची मागणी ज्या कारणाने झाली, ते पेट्झवाल यांना कदाचित विचित्र वाटले असते. या भिंगातून काढलेल्या छायाचित्रात मधला चेहरा रेखीव दिसतो आणि त्याच्या मागची झाडे, पाने, दिवे भोवऱ्यासारखे फिरत असल्याचा भास होतो. हा परिणाम कडेच्या अस्पष्टतेतून आणि नळीच्या काठाने तिरपे किरण अडविल्यामुळे निर्माण होतो. म्हणजे गणितज्ञाच्या दृष्टीने तो दोष आहे. आजच्या भिंगांत तो जवळपास नाहीसा झाला आहे आणि म्हणूनच काही छायाचित्रकारांना तो हवासा वाटतो.

स्पिश्स्का बेला येथे पेट्झवाल यांचा जन्म झाला त्या घरात १९६४ पासून त्यांच्या नावाचे संग्रहालय असून तेथे जुने कॅमेरे आणि भिंगे पाहावयास मिळतात. चंद्राच्या पृथ्वीवरून न दिसणाऱ्या बाजूवरील एका विवरासही त्यांचे नाव देण्यात आले आहे. शोध लावणाऱ्याचा हक्क वेळीच नोंदविला न गेल्यास काय घडते, याचे पेट्झवाल यांचे आयुष्य हे एक ठळक उदाहरण आहे. नफ्याचा हिशेब त्यांच्या हयातीतच मिटला होता. श्रेयाचा हिशेब काही अंशी पूर्ण होण्यास त्यांच्या मृत्यूनंतर एक शतकाहून अधिक काळ लागला.